डेट्रॉइट ९५ किलोमीटर

अमेरिकेत ओहायो राज्याच्या उत्तर टोकाला टोलिडो हे शहर आहे. काचकारखान्यांचं गाव ही त्याची जुनी ओळख. आय-७५ महामार्गाला लागलं की तासाभरात डेट्रॉइट येतं. डेट्रॉइटला नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, रेड विंग्ज हा संघ आहे. टोलिडोचा संघ वॉलाय. हे ईरी सरोवरात मिळणाऱ्या माशाचं नाव. वॉलाय रेड विंग्जच्याच गोतावळ्यातला, पण दोन पायऱ्या खाली, ईसीएचएल नावाच्या लीगमध्ये. मधली पायरी अमेरिकन हॉकी लीग किंवा एएचएल, आणि त्या पायरीवरचा संघ ग्रँड रॅपिड्सला, वायव्येकडे तीन तासांवर. थोडक्यात, टोलिडोच्या खेळाडूला डेट्रॉइटला जायचं तर ग्रँड रॅपिड्सवरून वळसा घालून जावं लागतं. बहुतेकांचा वळसा पुरा होत नाही.

त्या बहुतेकांपैकी एकाचा हा दिवस. हा कुणी एक खरा माणूस नव्हे. असे शेकडो खेळाडू आहेत आणि त्यांचे दिवस इतके सारखे असतात की त्यांतून हा एक सहज बेतता येतो. वय ३१. कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतातल्या गव्हाच्या पट्ट्यातला. सेंटर, म्हणजे आघाडीच्या फळीत मधोमध, खेळतो. दिवस जानेवारीतल्या शनिवारचा. काल सामना होता, आज आहे, उद्याही आहे. लागोपाठ तीन दिवस तीन सामने इथे नेहमीचे, कारण तिकिटं खपतात ती शुक्रवार ते रविवार.

सकाळी साडेसात

जाग आल्यावर तो आधी डावा पाय हलवून बघतो. काल पक, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतली रबरी चकती, घोट्याच्या आतल्या बाजूला लागला, तिथे काळीनिळी सूज आहे. पाय स्केटच्या बुटात गेला म्हणजे खेळता येतं, हा इथला निकष. एकदा आवळला की तो कडक बूटच प्लास्टरचं काम करतो.

घर क्लबचं. या लीगमध्ये हंगामभर राहायची सोय संघ करतो, भाडं घेत नाही. सोफा, पलंग, भांडीकुंडी सगळं क्लबचं. आधी राहून गेलेल्या कुणाच्या तरी मुलाच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा स्वयंपाकघराच्या चौकटीवर आहेत. आता त्यांच्याखाली याच्या दोन वर्षांच्या मुलीची खूण पडली आहे. स्वतःचं सामान गाडीत मावेल एवढंच ठेवायचं, असा बायकोचा दंडक. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. नऊ वर्षांत सहा संघ झाले आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. एनएचएलमध्येसुद्धा माइक सिलिंजर १७ हंगामांत १२ संघांकडून खेळला, नऊ वेळा त्याची अदलाबदल झाली. पण सिलिंजरला सामान हलवायला माणसं लावणं परवडत असणार.

बायको परिचारिका आहे. इथे तिला काम करता येत नाही. खेळाडू पी-१ व्हिसावर येतो, जोडीदाराला पी-४ मिळतो आणि पी-४ वर नोकरीला बंदी. जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर न्यू जर्सीत घरी बसलेल्या मराठी मुलींना हे समजावून सांगायला नको.

पगाराचं गणित इथे अंडी-टोस्टबरोबरच उरकू. ईसीएचएलमध्ये अलीकडच्या हंगामांत किमान पगार आठवड्याला पाचशे डॉलरच्या पुढेमागे राहिला आहे. जुन्याजाणत्याला थोडा जास्त, आणि तोही ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच. एएचएलचा किमान पगार हंगामाला पन्नास हजार डॉलरच्या वर. आणि एनएचएलचा, २०२५-२६ मध्ये, ७ लाख ७५ हजार. हंगामाच्या दिवसांत वाटला तर दिवसाला साधारण चार हजार डॉलर. डेट्रॉइटला एक दिवस नुसतं नाव लागलं, बर्फावर पाऊलही पडलं नाही, तरी टोलिडोचे सात-आठ आठवडे त्यात निघतात. उन्हाळ्यात तो गावी मुलांची हॉकी शिबिरं घेतो आणि मेव्हण्याबरोबर घरांची छपरं शाकारतो.

सकाळी साडेनऊ

हंटिंग्टन सेंटर, २००९ साली उघडलेलं बंदिस्त क्रीडागार. मागच्या दारानं आत शिरलं की पहिल्यांदा वास येतो: ओले हातमोजे, रबरी चटया आणि कॉफी. आधी फिजिओकडे घोट्याला बर्फ लावून घ्यायचा, मग साहित्य सांभाळणाऱ्या माणसाकडे स्केट्स द्यायचे.

धार लावणं हे काम बघण्यासारखं असतं. स्केटचं पातं चाकूसारखं एकधारी नसतं. ते मधोमध खोलगट घासतात, त्यामुळे दोन्ही कडांना दोन धारा तयार होतात, आणि खेळाडू वळतो, थांबतो, झेप घेतो तो यांतल्या कुठल्या ना कुठल्या धारेवर. खोलगटपणा किती ठेवायचा, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. अर्धा इंच त्रिज्येचा घास घेतला तर धार बर्फात रुतते आणि वळण पक्कं बसतं. पाच-अष्टमांश घेतला तर पातं मोकळं सरकतं, मांड्या कमी भरून येतात. तो पंचविशीपर्यंत अर्धा इंच घ्यायचा, आता पाच-अष्टमांश घेतो. कुणी विचारलं तर सांगतो, वेग वाढतो म्हणून.

भिंतीवर रात्रीच्या संघाचा कागद लागलेला असतो. त्यावर नाव असणं त्याच्या बाबतीत नुसत्या खेळावर ठरत नाही, मोजणीवरही ठरतं. ईसीएचएलचा नियम असा की ज्यानं व्यावसायिक हॉकीचे २६० नियमित सामने पुरे केले तो ‘व्हेटरन’, आणि गोलरक्षक सोडले तर असे खेळाडू संघात चारच ठेवता येतात. एएचएलमध्येही हिशेब आहे: गोलरक्षक सोडून रात्रीच्या १८ खेळाडूंत १३ जण ‘डेव्हलपमेंट’ या वर्गातले हवेत. या लीगा मुळात पोरं तयार करून वर पाठवण्यासाठी चालतात, तेव्हा नियम चुकीचा आहे असं म्हणता येत नाही. पण जरा त्याच्या बाजूनं बघा. शिंपी, ड्रायव्हर, सर्जन, कुणालाही कामाची वर्षं वाढली म्हणून धंद्यातून बाहेर काढत नाहीत. याचे चारशेच्या वर सामने झालेत. तो अजून चांगला खेळतो की नाही हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, चारांत बसतो का.

मग त्याला ठेवतात कशाला? फेसऑफ, म्हणजे पंचानं दोघांच्या मधे टाकलेला पक, जिंकायला, संघाचा एक गडी शिक्षा भोगत बाहेर बसला असताना किल्ला लढवायला, आणि बावीस वर्षांच्या मुलांना रविवारी दुपारीही पाय कसे चालते ठेवायचे हे शिकवायला. म्हणजे आपली जागा ज्यांना हवी आहे त्यांनाच तयार करायचं. ही अट करारात कुठे लिहिलेली नसते, सगळ्यांना ठाऊक असते.

विली मार्शल एएचएलमध्ये २० हंगाम खेळला. १,२०५ सामने, ५२३ गोल. दोन्ही आकडे तिथले आजही विक्रम आहेत. एनएचएलमध्ये त्याच्या वाट्याला आले ३३ सामने. त्या काळी एनएचएलचे संघ होते सहा, आता ३२ आहेत. आजच्या हिशेबात मार्शल वर टिकलाही असता असं लोक म्हणतात. असेल. पण वर टिकला नसता तर आजच्या नियमांत खाली वीस वर्षं त्याला कुणी ठेवलं असतं का, हेही विचारायला हवं.

साडेदहा

सकाळचा सराव आज ऐच्छिक. लागोपाठच्या सामन्यांत बरेच प्रशिक्षक तसा ठेवतात. ऐच्छिक सरावाला ज्यांची जागा पक्की ते येत नाहीत आणि ज्यांची डळमळीत ते झाडून हजर असतात. तो जातो. वीस मिनिटं, पाय मोकळे होतील इतपत. प्रशिक्षक काचेमागून कॉफी पीत बघतो, आणि आपण बघत नाही असं दाखवतो.

सव्वाबारा

प्रशिक्षकाच्या खोलीचं दार उघडतं आणि तो तोंडानं नाव न घेता बोटानं एकाला बोलावतो. ड्रेसिंग रूममधली बडबड थांबते. बोट गेलेलं असतं दुसऱ्या फळीतल्या बावीस वर्षांच्या पोराकडे. ग्रँड रॅपिड्सला दोघे जायबंदी, संध्याकाळी सामना, आत्ता निघायला हवं.

या पोराच्या करारावर रेड विंग्जची सही आहे. त्याच्यात डेट्रॉइटनं पैसे गुंतवलेत, म्हणून फोन आधी त्याच्यासाठी येतो. आपल्या माणसाचा करार फक्त टोलिडोशी. त्यालाही वर बोलावता येतं, ‘ट्रायआउट’ म्हणून २५ सामन्यांपुरतं, आणि तसा तो तीनदा गेलाही आहे. एकदा तर अकरा दिवस राहून, दोन सामने खेळून परत. पण रांगेत त्याच्यापुढे करारवाले असतात.

पोरगा नुसता उभा आहे, काय उचलावं कळत नाही. “आधी स्केट्स,” हा सांगतो, “काठ्या मी बांधतो. आईला गाडीत बसल्यावर फोन कर, इथे नको.” पाच स्टिक्सना चिकटपट्टीचे दोन वेढे, ओले हातमोजे वेगळ्या पिशवीत, पार्किंगपर्यंत बॅगेचं एक टोक स्वतःच्या हातात. पोरगा म्हणतो, “थँक यू, आजोबा.” एकतिसाव्या वर्षी संघात याला सगळे आजोबा म्हणतात. गाडी गेल्यावर तो आत येतो तेव्हा फळ्यावर त्याचं नाव चौथ्या फळीतून दुसऱ्या फळीत सरकलेलं असतं.

ड्रेसिंग रूममध्ये अशा दिवशी हमखास दोन नावं निघतात. अ‍ॅलेक्स बरोज: ईसीएचएलमधून सुरुवात, पुढे एनएचएलमध्ये नऊशेच्या वर सामने. जोनाथन क्विक: ईसीएचएलच्या रेडिंग रॉयल्सचा गोलरक्षक, २०१२ मध्ये लॉस एंजेलिसला स्टॅनली कप जिंकून दिला. आजवर या लीगमधून सातशेहून जास्त खेळाडू एनएचएलपर्यंत गेले आहेत. सगळं खरं आहे. खरं आहे म्हणूनच ते घातकही आहे. थाप असती तर लोक केव्हाच घरी जाऊन दुसऱ्या धंद्याला लागले असते.

दुपारी दीड

चिकन, पास्ता, ब्रोकोली. मग झोप. सामन्याआधीची झोप ही चैन नव्हे, कामाचा भाग आहे. मुलीला बायको त्या दीड तासात ग्रंथालयात घेऊन जाते.

संध्याकाळी पाच

आज समोर फोर्ट वेन कोमेट्स. इंडियाना राज्यातला, १९५२ पासूनचा जुना संघ. टोलिडोशी त्याचं पिढीजात वैर. आपल्याकडच्या वाचकाला फोर्ट वेन लक्षात ठेवायला एक कारण आहे. एनएचएलमध्ये खेळलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू रॉबिन बावा पूर्वी याच कोमेट्सकडून खेळला. व्हँकूव्हर बेटावरच्या डंकन गावचा हा पंजाबी मुलगा १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून एनएचएलमध्ये उतरला. पुढे व्हँकूव्हर, सॅन होजे, अ‍ॅनाहाइम. चार संघ आणि मिळून सामने ६१. बाकीची कारकीर्द खालच्या लीगांच्या गावोगावी, आणि शेवट डोक्याला बसलेल्या माराने. पहिला म्हणून त्याचं नाव नोंदलं गेलं, पण त्याचं रोजचं जिणं आपल्या या माणसासारखंच असणार.

इकडे भिंतीलगतच्या मोकळ्या जागेत संघ फुटबॉल खेळतो. रिंगण करून उभं राहायचं, चेंडू जमिनीवर पडू द्यायचा नाही, ज्याच्याकडून पडला तो बाद. अंग गरम करायची ही पद्धत सगळ्या लीगांत सारखी. तो दोन फेऱ्यांत बाद होतो आणि स्टिक घेऊन बसतो.

हे त्याचं खरं एकांताचं काम. नव्या कार्बनच्या स्टिकला आधी वरचं टोक: पट्टीचा पीळ करून दांड्यावर तिरका फिरवायचा, त्यावर सपाट पट्टी, म्हणजे हातमोज्याला उंचवटे लागतात आणि पकड सुटत नाही. मग खालचं पातं. टाचेकडून सुरुवात, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढलेला, कुठेही सुरकुती नाही. टोकापर्यंत न जाता दोन बोटं आधी कात्री. शेवटी वरून मेण घासायचं, नाहीतर बर्फाचा भुगा पट्टीला चिकटून स्टिक जड होते. काळी पट्टी वापरतो. काळा पक काळ्या पट्टीवर गोलरक्षकाला उशिरा दिसतो, हा त्याचा समज. खरं-खोटं कुणी तपासलेलं नाही.

सव्वासात

हॉकी म्हटलं की आपल्यासमोर ध्यानचंद आणि गवत उभं राहतं. इथे २०० फूट लांब, ८५ फूट रुंद बर्फ, सभोवार कठडा आणि काच. चेंडूऐवजी पक: कडक रबराची तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची चकती, वजन १७० ग्रॅमच्या आत, आणि उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवलेली. वीस मिनिटांचे तीन भाग. एका वेळी बर्फावर सहा जण, त्यांतला एक गोलरक्षक. पळण्याचा वेग इतका की पाऊण मिनिटात माणूस संपतो. म्हणून पाऊण मिनिट खेळायचं, कठडा ओलांडून बाकावर यायचं आणि दुसऱ्यानं खेळ न थांबता उडी मारून आत जायचं. या पाऊण मिनिटाला शिफ्ट म्हणतात. अशा वीसेक शिफ्ट मिळाल्या तर रात्र चांगली.

त्यांतली एकच जवळून बघू. दुसरा भाग, १-१ अशी बरोबरी. टोलिडोचा एक जण पाय अडकवल्याबद्दल दोन मिनिटं बाहेर. चार विरुद्ध पाच, आणि फेसऑफ टोलिडोच्या गोलाच्या डाव्या हाताला. पंच पक टाकणार. समोर चोवीस वर्षांचा कोमेट, हात याच्यापेक्षा चपळ. हा पकच्या नादी लागत नाही. पंचाचा पंजा उघडताना तो खाली बसतो, स्वतःच्या स्टिकनं त्याची स्टिक दाबून धरतो, कंबर आत घालतो आणि सुटलेला पक स्केटनं मागे ढकलतो. मागचा बचावपटू कठड्यावरून तो बाहेर मारतो, पण फोर्ट वेनचा खेळाडू टोलिडोच्या हद्दीच्या निळ्या रेषेवर तो अडवतो आणि स्टिक मागे नेतो.

आता याच्याकडे अर्धा क्षण आहे. फटका ताशी दीडशे किलोमीटरचा असू शकतो. झोपायचं नाही, झोपलास तर तो थांबेल आणि बाजूनं जाईल. एक गुडघा खाली, नडगीचं पॅड आडवं, हातमोजे छातीशी, तोंड किंचित वळलेलं. पक लागतो तो नेमका डाव्या घोट्यावर, कालच्याच जागी. प्रेक्षागृहातल्या सात हजार लोकांना आवाज ऐकू येतो. पक सहा फुटांवर पडलेला असतो आणि उठता येत नाही, तेव्हा तो गुडघ्यांवर सरकत जाऊन स्टिकच्या टोकानं तो निळ्या रेषेबाहेर ढकलतो. पुढचा सोबती तो पार पलीकडच्या टोकाला फेकतो. गडी कमी असताना तसं करायला मुभा आहे. हा एका पायावर घसरत कठड्याशी येतो. घड्याळात ३८ सेकंद गेलेले. बाकावरचे सगळे स्टिक कठड्यावर आपटतात. हॉकीतली ही टाळी आपसातली. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत अशा अडवणुकीची ओळ क्वचितच येते.

मध्यंतरात बर्फावर झँबोनी फिरते, वरचा थर खरवडून गरम पाण्याचा पातळ लेप देत. आत डॉक्टर विचारतात, “बूट काढायचा का?” तो नको म्हणतो. काढला तर परत जाणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं.

टोलिडो ३, फोर्ट वेन २. तिसऱ्या गोलात त्याचा पास आहे. तिसऱ्या भागात एक मारामारीही झाली, हातमोजे टाकून, रीतसर पाच-पाच मिनिटांच्या शिक्षेची. तेविसाव्या वर्षी तोही अशा मारामाऱ्या करायचा, कारण नाव लक्षात राहायला तो एक रस्ता होता. आता कमी होतात. बरंच झालं.

रात्री दहा

बूट उतरतो. सूज आता टाचेपर्यंत. एक्स-रे केला, हाड शाबूत. बाहेर कठड्याशी मुलांची रांग. शनिवारी सह्या द्यायच्या असतात. एक आठ वर्षांचा विचारतो, “तुम्ही डेट्रॉइटला कधी खेळणार?” मुलाचे वडील ओशाळतात. हा सही करता करता सांगतो, “तू जाशील तेव्हा मला तिकीट दे.” ग्रँड रॅपिड्सहून निरोप आला आहे: पोरगा पोचला, पण त्यांचा एक जण ऐनवेळी तंदुरुस्त ठरला, त्यामुळे त्याला बसवून ठेवलं.

रात्री साडेअकरा

बस. उद्या दुपारी वेस्ट व्हर्जिनियात व्हीलिंगला सामना, चारशे किलोमीटर. ओहायो टर्नपाइकनं पूर्वेला, मग दक्षिणेला. बसमध्ये दोन्हीकडे झोपायचे कप्पे, आणि मधले, कमी हलणारे, ज्येष्ठांचे. व्हेटरन असण्याचा हा एक निखालस फायदा. मागे पत्त्यांचा डाव लागतो, पुढे प्रशिक्षक लॅपटॉपवर व्हीलिंगचे जुने सामने बघत बसतो. गरम बॉक्समधला पास्ता, परत.

कप्प्यात पाय उशीवर चढवून तो एजंटचा मेल उघडतो. ब्रिटनच्या एलिट लीगमधला एक क्लब पुढच्या हंगामासाठी विचारतोय. तिथले काही क्लब विद्यापीठाशी संधान बांधून खेळाडूला वर्षाच्या मास्टर्सची फी देतात, आणि पस्तिशीकडे झुकलेले बरेच उत्तर अमेरिकन त्याच वाटेनं जातात: दिवसा वर्ग, संध्याकाळी सराव. तिथे त्याचे सामने कुणी मोजणार नाही. एजंटनं पगार, घर, गाडी, कितव्या फळीत खेळवतील, सगळं लिहिलंय.

त्यानं उत्तर लिहायला घेतलं. किती सामने, कुठला अभ्यासक्रम, विम्यात मुलगी धरतात का. मग ते तिन्ही पुसले आणि एकच प्रश्न ठेवला: बायकोला तिथे नोकरी करता येते का? एजंट झोपलेला असणार. उत्तर सोमवारी.